इंदूरहून क्लब रेसिंगचा सीझन: तयारी काय, खर्च कुठे, आणि कॉलरबोन मोडल्यावर परत कधी?

सुदामानगर_३००
इंदूरमधली दोन-तीन पोरं यंदा मोटरसायकलच्या क्लब रेसिंगला, ३०० ते ४०० सीसीच्या गटात उतरली आहेत. आपल्याकडे सर्किट नाही. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध, तिन्ही लांब. दक्षिणेतली दोन्ही तर इथून दीड हजार किलोमीटरच्या आसपास. प्रत्येक राउंडला सुट्टी, भाडं, टायर आणि एन्ट्री फी असा सगळा हिशेब बसवावा लागतो, आणि मराठीत या विषयावर एका जागी काही मिळत नाही, म्हणून हा धागा.

तातडीचा प्रश्न आधी. त्यातल्या एकाचं कॉलरबोन पहिल्याच राउंडला मोडलं. मधल्या भागात फ्रॅक्चर, तुकडे सरकलेले, प्लेट आणि स्क्रू बसवले आहेत. पुढचा राउंड ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी येतो. पोरगा म्हणतो उतरणार. घरचे म्हणतात सीझनच सोड. माझ्या मते सीझन सोडायचं काही कारण नाही, पण हा एक राउंड सोडावा. जाणकारांनी कारणांसकट लिहावं. गाडीची तयारी, गिअर, विमा, जे ज्याला ठाऊक असेल ते येऊ द्या.

चेन_स्लॅक
पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे की! एवढा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक दाराशी असताना कोइम्बतूर कशाला?

अपेक्स_पलासिया
@चेन_स्लॅक, नॅट्रॅक्स ही गाड्यांची चाचणी करायची जागा आहे. २०२१मध्ये उघडलेला तो हाय-स्पीड ट्रॅक लंबगोल आहे आणि त्याची वळणं इतकी कललेली आहेत की २५० च्या वेगालाही स्टिअरिंगवर आडवा जोर येऊ नये. म्हणजे रेसरला जे शिकायचं असतं, ब्रेक धरून गाडी वळणात घालणं आणि बाहेर पडताना थ्रॉटल उघडणं, त्यातलं तिथे काहीच होत नाही. आणि ती जागा कंपन्यांना भाड्याने मिळते. तुम्ही-आम्ही गाडी घेऊन गेटवर उभं राहून चालत नाही.

मुख्य प्रश्नाबद्दल माझं मत वेगळं आहे. प्लेट बसली की हाड धरलेलं असतं. २०१३ला अ‍ॅसनमध्ये मोटोजीपी (मोटरसायकलची जागतिक स्पर्धा) रायडर होर्हे लॉरेन्सोचं कॉलरबोन गुरुवारी मोडलं, बार्सिलोनाला जाऊन ऑपरेशन झालं, शनिवारी तो रेसमध्ये उतरला आणि पाचवा आला. इथे तर सहा आठवडे मिळताहेत. पॉइंट्स सोडायचे कशाला?

राजवाडा_रेव्ह
लॉरेन्सोची गोष्ट अर्धीच सांगितलीत भिया. त्यानंतर दोनच आठवड्यांनी जर्मनीतल्या झाक्सनरिंगला तो परत पडला, प्लेट वाकली, पुन्हा ऑपरेशन, आणि ती रेस गेली. अजून मोठं उदाहरण मोटोजीपीच्याच मार्क मार्केझचं. १९ जुलै २०२०ला हेरेझमध्ये उजव्या दंडाचं हाड मोडलं, २१ला प्लेट बसली, २५ला गडी परत गाडीवर! ऑगस्टच्या सुरुवातीला तीच प्लेट निकामी झाल्यामुळे दुसरं ऑपरेशन झालं. अख्खा सीझन गेला, डिसेंबरमध्ये तिसरं ऑपरेशन आणि २०२२च्या जूनमध्ये चौथं. ज्याच्यामागे डॉक्टर-फिजिओची फौज आहे त्याची ही कथा.

अस्थी_गीताभवन
ऑर्थोपेडिकचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

प्लेट हाड जोडत नाही. हाड जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवणं एवढंच तिचं काम. मोठ्या माणसाचं कॉलरबोन जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर हाताचा सगळा भार प्लेट सोसते, आणि धातूला वारंवार ताण बसला की तो थकतो. सहाव्या आठवड्याला खांदा दुखत नसतो, हात वर जातो, त्यामुळे रायडरला वाटतं झालं. दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, प्लेट असताना परत पडलं तर काय? प्लेटखालचा भाग कडक झालेला असतो, त्यामुळे सगळा ताण प्लेटच्या टोकाशी, शेवटच्या स्क्रूजवळ गोळा होतो. तिथे नवं फ्रॅक्चर होतं किंवा प्लेट वाकते. वाकलेली प्लेट काढून त्याच जागी दुसरी बसवायची तर जुन्या भोकांमुळे स्क्रूला पकड कमी मिळते. पहिल्या ऑपरेशनपेक्षा दुसरं अवघड असतं ते यामुळे.

परत गाडीवर बसायचा निर्णय तारखेवर घेऊ नये. मी काय बघेन ते सांगतो. एक्स-रेत फ्रॅक्चरच्या रेषेवर नवं हाड पूल बांधल्यासारखं दिसलं पाहिजे. मोडल्या जागी बोटाने दाबलं तर दुखता कामा नये. खांद्याची हालचाल दुसऱ्या बाजूइतकी हवी. आणि ताकद. ही मोजायची कशी ते फिजिओ मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आज बंद. हाड जुळायला उशीर होण्याचं ते एक ठळक कारण आहे, आणि आपल्या मालव्यात गुटख्याला कोणी तंबाखू समजतच नाही.

फिजिओ_तिलकनगर
डॉक्टरांच्या पुढचं लिहिते. रेसिंगमध्ये कॉलरबोनवर जोर येतो तो ब्रेकिंगला. शरीराचा भार पुढे सरकतो आणि तळहातांतून मनगट, कोपर, खांदा असा वर चढतो. म्हणून नुसता हात वर करून दाखवला की फिट, असं धरू नका. भिंतीला टेकून पुश-अप, मग टेबलावर हात ठेवून, मग जमिनीवर, या क्रमाने जायचं. जमिनीवरचे वीस सलग आणि न दुखता झाले, वर ते दोन्ही बाजूंना सारखे भासले, की पुढची पायरी प्लँक धरून एक हात उचलून समोरच्या खांद्याला लावणं. ज्या बाजूला कंबर झुकते ती बाजू अजून कच्ची. हे सगळं सर्जनने भार द्यायला परवानगी दिल्यावरच, आधी नाही.

ब्रेकिंगला टाकी गुडघ्यांनी दाबून धरायची सवय लावली तर हातांवरचा भार बराच कमी होतो. त्यासाठी मांडीच्या आतले स्नायू आणि पोट यांचा व्यायाम हात गळ्यात असतानाही सुरू ठेवता येतो. टाकीला दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावा. ज्यांचे पुढचे हात पाच लॅपमध्ये दगडासारखे कडक होतात आणि बोटं बधिर पडतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ कारण हेच असतं की ते हँडल धरून लटकतात.

सुदामानगर_३००
डॉक्टर, ताई, अनेक आभार. मनगटाचाही प्रश्न येणार आहे. दुसऱ्या एकाला पडल्यापासून अंगठ्याकडे दुखतंय, पण एक्स-रे नॉर्मल आला.

अस्थी_गीताभवन
@सुदामानगर_३००, ते ताबडतोब परत दाखवा. अंगठा मागे ताणला की त्याच्या मुळाशी ताठ होणाऱ्या दोन कंडरांच्या मधे एक खळगा पडतो. तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हे मनगटातलं हाड मोडलं आहे असंच धरून चालायचं. हे छोटं हाड पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. मनगट अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवायचं आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्स-रे, नाहीतर सरळ एमआरआय. या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून येतं. मधे मोडलं की आतल्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो मरतो. मग मनगट कायमचं अडकतं. मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधून सीझन काढला, तर सीझन होईल, पण पुढची वीस वर्षं थ्रॉटल फिरवताना त्रास राहील.

तारवाला
गाडीच्या बाजूने लिहितो, कारण बरंचसं पडणं इथे थांबवता येतं.

लॉकवायर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून बांधायची तार. ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, ऑइल फिल्टर, पुढच्या ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, ही किमान यादी. स्क्रुटिनीत (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीत) पहिला हात तिथेच जातो. एका गाडीचं तेल ट्रॅकवर सांडलं की मागच्या दहांची हाडं पणाला लागतात. तार ०.८ मिलिमीटरची, स्टेनलेस. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते. बोल्टच्या डोक्याला भोक पाडायला १.५ मिलिमीटरचं ड्रिल, शक्यतो कोबाल्टचं. बोल्ट व्हाइसमध्ये धरा, आधी सेंटर पंचने खूण करा, मशीनचा वेग कमी ठेवा आणि दर थोड्या वेळाने तेलाचा थेंब. षटकोनी डोक्याच्या सपाट बाजूवर सुरुवात करून शेजारच्या बाजूने बाहेर काढलं तर ड्रिल निसटतं. कोपऱ्याला आधी छोटी खाच घासून घेतली की टोक बसतं. तीन-चार ड्रिल तुटणार हे धरूनच घ्या.

वायर बांधायची दिशा महत्त्वाची. तारेची ओढ बोल्टला घट्ट करायच्या बाजूने हवी. उलट बांधली तर ती फक्त शोभेची. इंचाला सात-आठ पीळ पुरे. जास्त पीळ घातले की तार तिथेच तुटते. टोक कापून आत वळवा, नाहीतर पुढच्या वेळी तेल बदलताना बोट फाटतं. फिल्टरला भोक पाडायचं नाही. त्याच्यावर मोठा होज क्लॅम्प आवळा, क्लॅम्पचा स्क्रू टेकेल असा ठेवा आणि क्लॅम्पला वायर बांधा.

कूलंट_कट्टा
तारवाले, कूलंट राहिलं. ग्लायकॉलवाला हिरवा-गुलाबी कूलंट पूर्ण काढून, दोनदा पाण्याने धुऊन, डिस्टिल्ड वॉटर भरायचं. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडला की वाळत नाही, डांबरावर चिकट थर राहतो.

चेन_स्लॅक
नुसतं पाणी घातलं तर अ‍ॅल्युमिनियम गंजेल ना? आणि उकळेल लवकर.

कूलंट_कट्टा
@चेन_स्लॅक, गंज न धरणारी, ग्लायकॉल नसलेली पुडी किंवा द्रव मिळतं, ते मिसळायचं. नियमात चालतं का ते आधी आयोजकांना विचारून. उकळण्याचं म्हणाल तर रेडिएटरचं झाकण दाब धरून असतं, त्यामुळे पाणी १०० ला उकळत नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच. सीझन संपल्यावर मात्र परत कूलंट भरून ठेवा.

राजवाडा_रेव्ह
ब्रेक फ्लुइडही घ्या त्यात. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा शोषलं की किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. चेन्नईच्या दमट हवेत उघडी बाटली पुढच्या राउंडसाठी ठेवू नका. प्रत्येक राउंडला नवी छोटी बाटली आणि पूर्ण ब्लीडिंग (जुनं फ्लुइड आणि हवा काढून टाकणं). नुसतं ५ लिहिलेलं फ्लुइड सिलिकॉनचं असतं, ते यात अजिबात मिसळायचं नाही.

स्प्रॉकेट_१५
गिअरिंगबद्दल नवीन पोरांचा कायम घोळ होतो. स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) पुढे १५ दात, मागे ४५ असतील तर गुणोत्तर ३.०. पुढचा एक दात कमी केला, १४/४५, की ३.२१. मागे तीन दात वाढवले, १५/४८, की ३.२०. म्हणजे पुढचा एक आणि मागचे तीन जवळपास सारखे. पण पुढे लहान केलं की चेन जास्त आवळून वळते, घासते, आणि ढिली पडल्याने चाक थोडं मागे सरकवावं लागतं. मागे मोठं केलं की चाक पुढे येतं, किंवा चेनच्या कड्या वाढवाव्या लागतात. चाकाची जागा बदलली की गाडीचं वागणंही बदलतं. म्हणून गिअरिंग आणि सस्पेन्शन एकाच सेशनमध्ये दोन्ही बदलू नका, कशाने काय झालं ते कळत नाही.

कारी २.१ किलोमीटरचं, वळणावळणाचं. बुद्ध ५.१२५, त्यात मोठी सरळ पट्टी. एकच स्प्रॉकेट दोन्हीकडे चालवायचं म्हणजे एकीकडे सरळ रेषेत लिमिटर (इंजिनच्या फेऱ्यांची मर्यादा) लागणार आणि दुसरीकडे सहावा गिअर बघायलाही मिळणार नाही.

सॅग_मास्तर
सस्पेन्शनवर पैसे उडवायच्या आधी सॅग (रायडरच्या वजनाने गाडी किती खाली बसते ते) मोजा, फुकट आहे. तिघं लागतात. गाडी उचलून मागचं चाक पूर्ण लोंबकळू द्या, एक्सलपासून सीटच्या वरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत अंतर घ्या. हा पहिला आकडा. मग रायडर पूर्ण गिअर घालून रेसच्या पोझिशनमध्ये बसतो, एकजण पुढून धरतो. गाडी खाली दाबून हळूच सोडा, जिथे थांबेल ते माप दुसरं. वर उचलून हळूच सोडा, ते तिसरं. दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी पहिल्यातून वजा करा, तो सॅग. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक फार असेल तर कुठेतरी लिंकेज किंवा फोर्क अडकतोय, आधी तो सोडवा.

पुढे ३० ते ३५ मिलिमीटर, मागे २५ ते ३५, इथून सुरुवात करा. बऱ्याच लहान गाड्यांना पुढे प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबायची त्याचा) स्क्रू नसतो, फोर्कच्या टोपीखाली पाइपचा तुकडा वाढवून तो आणावा लागतो.

टायरची हवा सेशन संपून पिटमध्ये आल्या आल्या मोजायची. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे सकाळी थंडीत भरलेली हवा दुपारी खोटी ठरते. आकडा टायर बनवणाऱ्याने सांगितलेला धरा, फोरमवरचा नाही.

अपेक्स_पलासिया
पडण्याच्या कारणांवर कोणी बोललं नाही अजून. नवशिक्यांची हाडं मोडतात ती बऱ्याचदा हायसाइडला. वळणातून बाहेर निघताना मागचं चाक घसरतं, रायडर घाबरून थ्रॉटल खाडकन बंद करतो, चाकाला एकदम पकड मिळते, गाडी उसळते आणि माणूस वर फेकला जाऊन खांद्यावर आपटतो. लोसाइडला माणूस जमिनीलगत घसरत जातो, लेदर (चामड्याचा रेसिंग सूट) घासतं, हाड बहुधा वाचतं. मागचं चाक सरकलं की थ्रॉटल आहे तिथेच धरायचा किंवा अगदी कणभर कमी करायचा, गाडीला स्वतः सावरू द्यायची. हे डोक्याने कळतं, हाताला शिकवावं लागतं. त्याला मातीसारखी जागा नाही. १५० सीसीची जुनी गाडी, पुढे-मागे नॉबी टायर, आणि मोकळं शेत.

चेन_स्लॅक
आपली काळी माती पाऊस पडल्यावर नको मात्र. मडगार्ड आणि चाकाच्या मधे गोळा होऊन चाकच जाम करते. उन्हाळ्यात किंवा मुरमाच्या जागेवर ठीक.

राजवाडा_रेव्ह
आणि सुपर कॉरिडॉर, बायपास, सिमरोल घाट, यांपैकी कुठेही सराव नाही. हे या धाग्यावर स्पष्ट लिहिलेलं असू द्या. सर्किटवर पडल्यावर घसरायला जागा असते. रस्त्यावर खांब, दुभाजक, आणि समोरून येणारं कुणाचं तरी कुटुंब असतं.

मार्शल_महू
पडल्यानंतरचे तीस सेकंद. घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका. वेग संपलाय असं वाटतं तेव्हाही अंग ताशी पन्नासने जात असतं, पाय टेकला की घोटा जातो. पूर्ण थांबल्यावर आधी येणारी वाहतूक बघा, मग मार्शल (ट्रॅकवरचा सुरक्षा कर्मचारी) दाखवेल त्या बाजूने बॅरिअरमागे. गाडीकडे परत जायचं नाही, ती मार्शल उचलतात. मानेत दुखत असेल, हातापायात मुंग्या असतील तर हलूच नका, आणि हेल्मेट कोणालाही ओढू देऊ नका.

झेंड्यांत पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे तेल किंवा पाणी, पकड कमी. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, लगेच लाइन सोडून बाहेर. बरेच नवे रायडर त्याकडे बघतच नाहीत आणि तेल गळणारी गाडी आणखी एक लॅप फिरवतात.

अस्थी_गीताभवन
मार्शलांच्या मुद्द्याला जोडून. डोक्याला मार बसून क्षणभर जरी गोंधळ झाला, लॅप आठवत नाही, मळमळतंय, तर त्या दिवशी परत गाडीवर नाही. संध्याकाळची रेस असली तरी नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, झोप अनावर झाली तर थेट हॉस्पिटल आणि सीटी. बाकीच्यांना एक-दोन दिवस आराम आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी परत. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. ते हेल्मेटही संपलं. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, बाहेरून रंग शाबूत दिसला तरी.

गिअर_विजयनगर
हेल्मेट घेताना ईसीई २२.०६ (हेल्मेटचं युरोपीय मानक) आणि डबल-डी रिंगचा पट्टा बघा, क्विक-रिलीज बकल चालत नाही बहुतेक ठिकाणी. पाठीचा प्रोटेक्टर लेव्हल २. त्यात आरपार पोचणारा जोर सरासरी ९ किलोन्यूटनच्या आत ठेवावा लागतो, लेव्हल १ ला १८ पर्यंत चालतं. फरक दुप्पट, किमतीत तेवढा नाही.

कॉलरबोनसाठी खरा उपाय अंगात घालायची एअरबॅग. मोटोजीपीत २०१८पासून सक्तीची आहे. आतून घालायचं जॅकेट घेणार असाल तर लेदर त्याच्यासह घालून मापा. लेदर अंगाला चिकटून असेल तर फुगल्यावर जागा मिळत नाही आणि तीच बरगड्यांवर दाबते. सेकंडहँड लेदर घ्यायचं असेल तर काखेतली आणि मांडीतली शिवण उलटवून बघा. धागा कुजलेला असेल तर चामडं कितीही जाड असो, शिवणीत उघडतं.

पॉलिसी_पाटणकर
विमा. हेल्थ पॉलिसीत एक्सक्लूजन ०९ असा कोड असतो, सगळ्या कंपन्यांत सारखाच. धाडसी खेळांत प्रोफेशनल म्हणून भाग घेतल्याने झालेली दुखापत वगळलेली, आणि त्या यादीत मोटर रेसिंग नावानिशी आहे. मुद्दा 'प्रोफेशनल म्हणून' या शब्दांवर अडतो. हौशी रायडरने सीझनच्या आधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं हो काही कामाचं नाही. गाडीच्या पॉलिसीत तर आयोजित शर्यत सरळ वगळलेली असते. आयोजकांचं कव्हर असेल तर ते फक्त मृत्यू आणि अपंगत्वाचं आहे की हॉस्पिटलचा खर्चही धरतं, आणि किती रकमेपर्यंत, हे एन्ट्री भरतानाच विचारा.

चेन_स्लॅक
रेसच्या दिवशी खायचं काय? पोहे-जलेबी चालेल का? :)

फिजिओ_तिलकनगर
@चेन_स्लॅक, पोहे उत्तम, रेसच्या तीन तास आधी. शेव थोडी, जलेबी रेस झाल्यावर. पाणी आदल्या दिवसापासून, सोबत ओआरएस. लेदरमध्ये घाम उडत नाही. २०२३ला बुद्धवर मोटोजीपीची रेस उकाड्यामुळे २४ वरून २१ लॅपवर आणावी लागली होती, तीही सप्टेंबरच्या अखेरीला. लघवी गडद पिवळी असेल तर सेशन सोडून सावलीत बसा. शेवटच्या लॅपला चुका होतात त्या अशा वेळी.

स्प्रॉकेट_१५
मूळ प्रश्नाकडे येतो. इंदूरहून पहिल्या वर्षी स्वतःची गाडी न्यावीच का? टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफील्ड यांच्या वन-मेक मालिका (सगळ्यांना एकच मॉडेल) आहेत, गाड्या त्यांच्याच. निवड चाचणी द्यावी लागते, पण ट्रकभाडं, स्पेअर, मेकॅनिक हे सगळं वाचतं. पोरगा बॅग आणि लेदर घेऊन अहिल्यानगरी एक्स्प्रेसने कोइम्बतूरला उतरला की झालं.

तारवाला
पटलं, पण गाडी आधीच बांधून झाली असेल तर? मग सीझनच्या पैशातला चौथा हिस्सा पडण्यासाठी आधीच बाजूला काढा. स्पेअरच्या पेटीत दोन्ही लिव्हर, गिअर लिव्हर, दोन्ही फूटपेग, क्लिप-ऑनचा (रेसिंग हँडलचा) एक जास्तीचा पाइप, क्लच आणि मॅग्नेटो कव्हरचे गॅस्केट, ब्रेक पॅड, थ्रॉटल केबल, फ्यूज. पडल्यावर पहिल्यांदा थ्रॉटल फिरवून सोडा, खटकन परत आला पाहिजे. मग तेल, मग पुढचं चाक हँडलच्या सरळ आहे का. नसेल तर फोर्क वाकला असं लगेच समजू नका. बऱ्याचदा तो क्लॅम्पमध्ये नुसता पिळलेला असतो. एक्सल आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून चाक सरळ करा, परत आवळा. एअरबॉक्समध्ये खडी गेली का ते बघितल्याशिवाय स्टार्टर दाबू नका.

सुदामानगर_३००
सगळं वाचून दाखवलं त्याला, मार्केझचं दोनदा. दुसरा राउंड सोडतोय. जाणार आहे, पण पिटमध्ये, दुसऱ्याच्या गाडीची हवा आणि टायरचं तापमान लिहायला. तिसऱ्या राउंडआधी एक्स-रे आणि ताईंनी सांगितलेली पुश-अपची पायरी, दोन्ही पास झालं तरच एन्ट्री.

@अपेक्स_पलासिया, तुमचं म्हणणं पॉइंट्सचं होतं. पॉइंट्स मोजून बघितले. एक राउंड गेला तरी पहिल्या पाचांत येता येतं.

अपेक्स_पलासिया
मग मी माझा आग्रह मागे घेतो. एक्स-रेत हाड दिसलं नाही तर तिसराही सोडा. आणि परत आल्यावर पहिल्या सेशनमध्ये वेळ काढायच्या मागे लागू देऊ नका. सर्किटची जास्त वळणं ज्या बाजूला असतात टायरची त्याच्या उलट बाजू उशिरा तापते. पहिल्या दोन लॅपमध्ये त्या बाजूच्या पहिल्याच वळणावर लोक जातात.

सुदामानगर_३००
नोंद घेतली. आता एकच मागणी, लहान टॉर्क रेंच कोणाकडे आहे का? आमच्याकडचा ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होतो, एक्सलच्या नटापुरता ठीक.

तारवाला
माझ्याकडे ५ ते २५ चा आहे. शुक्रवारी संध्याकाळी राजेंद्रनगरला येऊन घेऊन जा. क्लिप-ऑन आणि लिव्हरच्या एम६ बोल्टना १० च्या आसपास लागतं, तरी मॅन्युअलमधलाच आकडा धरा. बोल्टचे आटे तेलकट असतील तर आधी पुसून कोरडे करा, नाहीतर रेंच टिकटिक करेपर्यंत बोल्ट ताणला गेलेला असतो.